आडवा उजेड

प्रिय भाऊजी,

पत्र पाहून दचकू नका. हे गेले त्या दिवशी तुम्ही माझ्यापेक्षा मोठ्याने रडलात, आणि जाताना त्यांचा संगणक तपासतो म्हणून घेऊन गेलात. मीच तो पिशवीत घालून दिला. तीन वर्षं झाली. तुमचं छान चाललंय, मासिकात वाचलं. ह्यांची पुस्तकं मी आधी धूळ पुसायला उघडली, मग वाचायला लागले. अर्धं डोक्यावरून जातं. उरलेलं अर्धं तुम्हाला पुरेल.

आठवतं, आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तुम्ही दोघं संगणकावर अगदी खरं वाटेल असं स्टीलचं चित्र घडवत बसायचात? महिनाभर त्यावरचा उजेड बटणासारखा गोलच पडायचा. तुम्ही वैतागून म्हणालात, ही तर प्लॅस्टिकची बशी झाली. मी भांडी घासत होते. म्हटलं, "चरे जिकडे जातात, त्यांच्या आडवा उजेड धावतो. एवढंही दिसत नाही होय?" आणि गोल गोल घासलेलं पातेल्याचं झाकण दिव्याखाली धरलं. मधून दोन्हीकडे उजेडाचा पंखा उलगडला. तुम्ही हसलात, वहिनींना नोकरीवर घ्या म्हणालात. हे हसले नाहीत. झाकण मागून घेतलं.

त्या झाकणावर एक तिरपा चरा आहे, माझ्या हातून पकड घसरली तेव्हाचा. तिथे तो पंखा तुटतो. ह्यांनी चरा मोजला आणि संगणकावरच्या आपल्या प्रत्येक धातूत घातला. घरची खूण आहे, कुणाला बोलू नकोस, म्हणाले. नाही बोलले. मापं वहीत आहेत, त्यांच्या अक्षरात, तारखेसकट. पातेल्यात आता एकटीपुरतंच शिजतं, पण झाकण तेच.

मासिकात तुम्ही संगणकावर घडवलेल्या किटलीचं पानभर चित्र आलंय. शेजारी झाकण ठेवून पाहिलं. उजेड तिथेच तुटतो. खाली तुमचे शब्द: हा चरा मला एका सकाळी सहज सुचला. भाऊजी, चोरी एखाद वेळेस गिळली असती. 'सहज' गिळवत नाही.

तुमच्या सन्मानाच्या कार्यक्रमात मी ह्यांच्या आठवणीचे दोन शब्द बोलावेत, असं तुमचं आमंत्रण मिळालं. येते. बोलणं मला जमत नाही, म्हणून झाकण आणि वही आणते. मोठ्या पडद्यावर तुमची किटली असेलच. मी नुसतं दिव्याखाली झाकण धरीन. हे आधी कळवलं ते तुम्ही माफी मागावी म्हणून नव्हे. कार्यक्रमाला अजून नऊ दिवस आहेत. भांडी घासताना मला रोज जे दिसतं, ते नऊ दिवस तुम्हालाही दिसावं, एवढ्यासाठीच हे पत्र.

तुमचीच,
नोकरीवर न घेतलेली वहिनी