दगड माझा, मीच फोडणार

३ मार्च, दुपार

कामावर किरकोळ घटना. जुन्या गोदामाची वरची भिंत पाडत होतो. घणाचा पहिला घाव घातला आणि कमरेत आतून कोणीतरी सळई खुपसल्यासारखं झालं. राडारोड्यात पडलो. पडलो म्हणजे बसलो, जरा घाईने. मेव्हणा धावत आला, काखेत हात घालून उचलायला लागला, तर त्याच्या नडगीवर लाथ बसली. ती लाथ दुखण्याची होती, माझी नव्हे. तो लंगडत जाऊन गाडी घेऊन आला. मेव्हणा तसा गुणी आहे, फक्त मध्ये मध्ये येतो.

माणसं म्हणतात मी किंचाळत होतो. मी सूचना देत होतो.

डॉक्टर म्हणाले, मूतखडा दिसतोय, स्कॅन करा. आयुष्यभर दगडविटा फोडणाऱ्या माणसाला दगडाची भीती दाखवतात!

संकल्प: भरपूर पाणी. शिवाय रागावर ताबा. दुसऱ्या संकल्पाची गरज नाही, मला राग येतच नाही. पण बायको समोर उभी राहून लिहून घेतेय.

५ मार्च

सीटी स्कॅन झाला. स्कॅनवाली डॉक्टर अगदीच तरुण. तिने पडद्यावर माझी किडनी दाखवली. करड्या रंगात एक पांढराशुभ्र ठिपका. म्हटलं, एवढ्याशाने मला लोळवलं? ती म्हणाली, आकारावर जाऊ नका, फोटोत जितका पांढरा तितका टणक.

मग तिने समजावलं. बाहेरून धक्के देऊन खडा फोडायचं एक मशीन असतं. पण सगळेच खडे त्याने फुटत नाहीत. आधीच्या पेशंटांचे फोटो आणि त्यांचं पुढे काय झालं, हे सगळं कॉम्प्युटरला शिकवलेलं आहे. तो नवा फोटो बघून अंदाज सांगतो. माझा अंदाज: धक्क्यांनी बहुधा फुटणार नाही. खडा फार टणक, शिवाय कातडीपासून फार आत. मधे काय आहे विचारलं, तर म्हणाली, चरबी. बायको खोकल्याचं निमित्त करून हसली.

मग उपाय काय? दुर्बीण आत घालून लेझरने फोडायचा. आत कुठून? लघवीच्या वाटेने.

खुर्ची उलटी झाली. मी एकदम उठलो म्हणून झाली, फेकली वगैरे नाही.

तिला शांतपणे (बायकोच्या मते बाहेरपर्यंत ऐकू जाईल असं) सांगितलं की मी पूल पाडलेत, टाक्या पाडल्यात, आजवर एकाही भिंतीने मला नाही म्हटलेलं नाही, आणि कुठल्याही भिंतीचा आधी फोटो काढलेला नाही. ती म्हणाली, त्या भिंतींच्या पलीकडे तुमची किडनी नव्हती. उद्धट आहे.

किडनीचे डॉक्टर वयस्क, थंड डोक्याचे. तेही तेच म्हणाले. फार आग्रह असेल तर धक्के एकदा देऊन बघू, पण तुकडा निघून वाटेत अडकला तर पंचाईत होईल, असंही म्हणाले. मी महत्त्वाचं तेवढं ऐकलं: एकदा देऊन बघू.

८ मार्च

तारीख मिळायला वेळ आहे. तोवर हात बांधून कोण बसणार? धक्केच द्यायचे तर माझ्याकडे काँक्रीट फोडायचा ब्रेकर आहे. गोदामातल्या कॉलमला पाठ चिकटवून उभा राहिलो आणि मेव्हण्याला पलीकडच्या बाजूने ब्रेकर चालवायला सांगितला. तो म्हणाला, भाऊजी, हे बरं दिसत नाही. म्हटलं, दिसायला मी काय नाटकात उभा आहे? चालव.

दात कडकड वाजले. जीभ चावली गेली, तोंडात रक्त. मग आतला दगड जागा झाला आणि असा काही लाथाडायला लागला की डोळ्यांपुढे काळं आलं. मेव्हण्याने भिऊन मशीन बंद केलं. ऐन रंगात आलेलं काम कोणी बंद करतं का? त्याला समजवावं म्हणून हाताला आलेली वीट त्याच्या दिशेने पाठवली. तो खाली वाकला. गाडीची पुढची काच गेली. तो वाकला नसता तर काच वाचली असती, हे त्याला पटत नाही.

संध्याकाळी लघवी लाल. विटेचा भुगा असणार. म्हणजे काम चालू झालंय.

१२ मार्च

धक्क्यांचा दिवस. टेबलावर पालथा. टेक्निशियनला आधीच सांगितलं, पुरुषाला मारतो तसं मार. तो म्हणाला, मशीनला कळत नाही काका.

पहिले धक्के म्हणजे कोणी टिचक्या मारतंय. मला हसू आलं. मग त्याने जोर वाढवला. तेव्हा कळलं की हे मशीन माझ्याच जातीचं आहे: एकाच जागी, न थांबता, दया न दाखवता. शेवटी टेबलाचा कठडा माझ्या हातात आला. तो आधीपासून सैल होता. टेक्निशियनच्या चष्म्याला माझं कोपर लागलं, तेही तो चष्मा घालून जवळ आला म्हणून.

नंतर फोटो. खडा जागच्या जागी. एका कोपऱ्याचा टवका तेवढा उडालाय. स्कॅनवालीने पडदा नुसता माझ्याकडे वळवला. पडदा वळवण्यातही तिचा उद्धटपणा दिसतो.

बायकोला म्हटलं, टवका उडाला म्हणजे सुरुवात झाली, पहिल्या घावात बीम कधी खाली येतो का? ती म्हणाली, आता पुरे करा हो. दुर्बिणीला हो म्हणा. घाबरट घराणं आहे त्यांचं.

१५ मार्च, सकाळ

टवका वाटेत अडकला. दुखणं आता दुखणं राहिलेलं नाही, आत कोणीतरी कुदळ घेऊन खंदक खणतंय. उलट्या. अंग तापलंय. बाथरूमचा दरवाजा फोडला. आतून कडी निघत नव्हती, असं मी सांगितलंय. खरं म्हणजे काहीतरी फोडल्यावर दोन मिनिटं बरं वाटतं.

१५ मार्च, दुपार

पुन्हा हॉस्पिटल, पुन्हा स्कॅन. स्कॅनवालीने पडद्यावर बोट ठेवून दाखवलं: इथे टवका, त्याच्यामागे लघवी तुंबलीय, किडनी फुगतेय, आणि ताप आहे म्हणजे आत पू होत असेल. आजच दाखल व्हा, नाहीतर किडनी जाईल, आणि किडनीवर थांबेलच असं नाही. मी म्हटलं, हा फोटोच अपशकुनी आहे. पहिल्यापासून माझ्या विरुद्ध बोलतोय.

पडदा भिंतीवर आदळून फुटला. मी त्याला फक्त उचलला होता, भिंतीच्या दिशेने. काचा स्कॅनवालीच्या पायाशी. तिच्या पोटरीतून रक्त आलं. ती रडली नाही, ओरडली नाही. लंगडत दारापर्यंत जाऊन तिने बाहेरच्या पहारेकऱ्यांना बोलावलं. दोन पहारेकऱ्यांनी मला भिंतीला दाबून धरलं. एकाच्या पोटात गुडघा घातला, दुसऱ्याने माझं डोकं भिंतीवर हाणलं. भुवई फुटली.

दाखल न होता घरी आलो. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१६ मार्च

थंडी वाजून हुडहुडी भरतेय. अक्षर नीट येत नाही. पेन खराब आहे.

मेव्हणा आला. गाडीला नवी काच. म्हणाला, भाऊजी, चला, मी उचलून नेतो. म्हटलं, येऊ नकोस पुढे. तो पुढे आला. बायको मागून म्हणाली, उचल रे त्यांना, विचारू नकोस. त्याने माझ्या पाठीमागे हात घातला आणि नेमका तिथे दाब पडला.

मी मारलं. पूर्ण ताकदीने. घण मारताना खांदा जसा फिरतो तसा फिरला. आवाज आला. असा आवाज मी ओळखतो, आतून काहीतरी गेल्याचा. तो कपाटावर आदळून खाली बसला. जबडा एका बाजूला. दात फरशीवर.

बायकोने लोखंडी तवा उचलला आणि माझ्या मनगटावर घातला. एकदा नाही. मी पडेपर्यंत. मग माझ्याकडे न बघता भावाला उठवून घेऊन गेली.

चूक कोणाची हे नंतर ठरवू. आत्ता उठता येत नाहीये.

१९ मार्च

हॉस्पिटल. शेजाऱ्यांनी अँब्युलन्स बोलावली म्हणे. किडनीच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी आत नळी घालून तुंबलेलं सोडवलं. कुठून, ते लिहीत नाही. ताप उतरला की दुर्बीण. त्यासाठी नवा फोटो लागला. स्कॅनवालीनेच काढला. पायाला पट्टी. माझ्याशी गरजेपुरतं बोलली: श्वास घ्या, धरा, सोडा. मी काही बोलणार होतो, पण श्वास धरलेला होता.

मनगटाला प्लास्टर. पोलीस येऊन जबाब घेऊन गेला. त्याला सांगितलं, गैरसमज झाला. त्याने विचारलं, कोणाचा?

२२ मार्च

दुर्बीण झाली. भूल दिलेली, काही कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, लेझरने खड्याचा भुगा झाला, स्कॅनवालीने सांगितलं होतं तसाच. धक्क्यांबद्दलही कॉम्प्युटरने सांगितलं होतं तसंच झालं. आणि किडनीचा थोडा भाग आता काम करणार नाही, जास्त वेळ तुंबली म्हणून. हे मात्र कॉम्प्युटरने सांगितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, फोटोत फक्त खडा होता, तुम्ही नव्हता.

मी म्हटलं, फुटला ना शेवटी?

ते म्हणाले, हो.

बायको आली नाही.

२६ मार्च

सुट्टी मिळाली. मेव्हणा वरच्याच मजल्यावर आहे असं कळलं. गेलो. संकल्प करून गेलो की आवाज चढवायचा नाही, झालं गेलं त्याला नीट समजावून सांगायचं.

त्याचे दात तारांनी बांधलेत. बोलता येत नाही, नळीने सूप पितो. बायको शेजारी वाटी धरून बसलेली. मी दारात उभा राहिलो तर तिने वर बघून पुन्हा वाटी त्याच्यापुढे धरली.

त्याची उशी खाली सरकली होती. ती नीट करावी म्हणून पुढे होऊन मी चांगला हात उचलला.

त्याने दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि गुडघे पोटाशी ओढून भिंतीकडे सरकला. नळी तोंडातून निघाली. सूप चादरीवर.

मी हात खाली केला. बायको चादर पुसत राहिली.

उशी तिनेच नीट केली.