पुसलेले तीन मेल

ब्रह्मा घाट, वाराणसी
फेब्रुवारी १९९९

प्रिय देवू,

अक्षर ओळखलंस ना? बोटं जरा वाकडी झालीत, पण शाळेत फळ्यावर लिहून लिहून अक्षर तेवढं टिकलंय. तू जिवंत आहेस हे मला मागच्या आठवड्यात कळलं. बारा वर्षं, देवू! आधी मी ढसाढसा रडले, खोटं कशाला सांगू? आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास, माझ्या पदराची चुणी मुठीत धरून झोपायचास. अशा भावाचं नाव अचानक समोर आलं की बहिणीचं काय होतं, ते तुला सांगून कळायचं नाही.

घरचं सांगते. श्रीनिवासदादा तसाच आहे, यजमानांच्या वह्या आणि तो. फक्त यजमान आता सिंगापूर नि अमेरिकेत राहतात आणि आजोबांच्या श्राद्धाची तिथी मेल करून विचारतात. म्हणून दोन वर्षांपूर्वी कम्प्युटर आला. दादा त्याला देवासारखा लांबूनच नमस्कार करतो. सगळं बघते तुझी बायको. नीरजा एकाच हाताने टाइप करते, तरी काय झपाटा आहे तिचा! एकेका घराण्याचं वेगळं फोल्डर केलंय तिने, आणि सकाळी दादाला सगळे मेल वाचून दाखवते. रुचीला तेरावं लागलंय. तुला तिने फोटोतच पाहिलंय. माझ्याशीसुद्धा हिंदीत भांडते, चांगली खमकी आहे.

तुझी वार्ता लागत नाही, याला माघात बारा वर्षं पुरी झाली. आपल्यात मग काय करतात ते तू विसरला नसशील. पळसाच्या तीनशे साठ पानांचा माणूस करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, आणि त्याला अग्नी द्यायचा. दादाने अमावास्या धरली. नीरजाने एका शब्दात हो म्हटलं, डोळ्यांतून टिपूस नाही. मला तिचा अस्सा राग आला! बारा वर्षं कुंकू लावलंस, मग आताच कसली घाई, असं मी तिला तोंडावर म्हटलं. ती पोळ्या लाटत राहिली.

आणि त्याच आठवड्यात, भर दुपारी, मशीन चालू असताना बिजली गेली. परत आली तेव्हा मेलचा प्रोग्राम उघडला तर आत सगळं चकाचक, एक फोल्डर नाही. दादाने कपाळावर हात मारला, सगळ्यांच्या तिथ्या त्यातच होत्या. नीरजा म्हणाली, जाऊ दे, लोकांकडून पुन्हा मागवू. एकदा नाही, चारदा म्हणाली. पण मी विज्ञानाची मास्तरीण, ऐकते होय? पदर खोचून बसले. दोन दुपारी घालवल्यावर कळलं की मेल कुठे गेलेच नव्हते. प्रत्येक फोल्डरची एक फाइल असते, ती डिस्कवर जशीच्या तशी होती. बिघडली होती ती नुसती सूची. मी फाइली आधी दुसरीकडे उतरवून घेतल्या, जुनी सूची काढून टाकली, आणि प्रोग्रामला नवी बनवायला लावली. एकेक घराणं परत यायला लागलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

पण त्यांच्याबरोबर डिलीट केलेलेही परत आले. डिलीट केलं म्हणजे मेल जात नाही रे, त्याच्यावर नुसती काट मारली जाते. दादाच्या वहीत खोडलेलं नाव दिसतं ना, तसं. नव्या सूचीला ती काट कळली नाही. त्यात तुझे तीन होते, दादाच्या नावाने पाठवलेले. शेवटचा जानेवारीतला, खाली तुझा हा टपालाचा पत्ता. होळीच्या आधी येतो, असं लिहिलं होतंस. आणि पुढे, नीरजाला आधी सांगू नका, माहेरी पळेल, या खेपेला तिला नीट सरळ करतो.

मी ते वाचत होते तेव्हा नीरजा चहा घेऊन आली. तिने मशीनचा पडदा पाहिला. कप ठेवला, आणि उजव्या हाताने डावा हात उचलून छातीशी धरला. तो हात खांद्याच्या वर जात नाही, बारा वर्षं. पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवरून तू तिला ढकललंस तेव्हा आठ महिन्यांची रुची माझ्या कडेवर होती. मी चार पायऱ्या वर होते. नीरजा तीन दिवस शुद्धीवर नव्हती, त्यातच तू पळालास, आणि डॉक्टरला मी सांगितलं की पाय घसरला. तुझ्यासाठी सांगितलं. तिने मला आजवर एका शब्दाने विचारलं नाही. त्या दुपारी मात्र मला तिच्याकडे बघवेना. मी ते तिन्ही मेल पुन्हा डिलीट केले, आणि या वेळी फाइलमधून कायमचे काढायची आज्ञाही दिली. उतरवून घेतलेली प्रतही पुसली. आता काही परत येणार नाही. दादाला यातलं काही माहीत नाही.

अमावास्येला वेणीमाधवशास्त्र्यांनी अग्नीच्या आधी एकेकाला विचारलं, या माणसाची काही वार्ता आहे का? दादा नाही म्हणाला. मग मला विचारलं. समोर पानांचा तू होतास, मागे नीरजा उभी होती. मी नाही म्हटलं. दादाने अग्नी दिला. जिवंत भाऊ जाळल्याचं पाप माझं एकटीचं आहे, ते मी फेडीन. हे पत्र एवढ्यासाठीच की तू येऊ नयेस. आलासच, तर शास्त्र तुला ठाऊक आहे. विधी झालेल्या माणसाला पुन्हा जन्माला यावं लागतं, जातकर्मापासून मुंजीपर्यंत सगळं, आणि बायकोशी लग्नही पुन्हा लावावं लागतं. लाव. मी पुन्हा त्या घाटावर असेन. पण या वेळी मुलीकडची म्हणून, आणि पायऱ्यांवर काय झालं ते मांडवात सगळ्यांसमोर सांगणारी.

तुझीच, पण अमावास्येपर्यंतचीच,
शरदिनीताई