चारशे हॉर्सपॉवरची गुणगुण

जळगाव,
दसरा, १९९१

प्रिय अभिमन,

आज मिल बंद आहे आणि सगळीकडे कापूस पसरल्यासारखी शांतता आहे. एरवी रोलिंग मिलची ती मोठी मोटर फिरू लागली की तिची गुणगुण नशिराबादच्या रस्त्यापर्यंत येते. रोलांमधून लालभडक सळ्या वळवळत निघतात, तेव्हा आपण जागे आहोत की नाही, हेच मला कळेनासं होतं. तू तिच्या अंगाला कान लावून म्हणायचास, "पितांबरभाऊ, हाई झोपमा बी बोलस, ऐका!" मी कॉलेजात शिकलेला सुपरवायझर, मला तिचं बोलणं नाही, नुसता आवाज यायचा. तिचं आधीचं वाइंडिंग तू एकट्याने अकरा दिवसांत भरलंस. घरी वाती वळाव्यात तशी तांब्याची तार तुझ्या बोटांतून सरकायची. तो वार्निशचा वास अजून माझ्या डायरीला येतो, असं वाटतं.

काल आपले जुने फिटर हिलालनाना पिंपळनेरहून आले. म्हणाले, अभिमन आता विहिरीवरच्या मोटरीही घेत नाही, नुसते पंखे दुरुस्त करतो. विचारलं तर म्हणतो, "मन्हा हातमा दोष शे, नाना." तेव्हापासून मी चार वर्षांपूर्वीची डायरी उघडून बसलो आहे. दसऱ्याच्या पानावर एवढंच आहे: 'मोटरीची पूजा झाली.' पुढच्या पानावर: 'मोटर जळाली.' मधलं मी स्वतःलाही लिहून दाखवलं नाही.

तू सणाला गावी गेला होतास. नारळ मी फोडला. शेठ बघत होते, म्हणून जमिनीवर न फोडता थेट मोटरीच्या अंगावर. पाणी जाळीतून आत उतरताना मला दिसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू करण्याआधी मेगर लावून ओल तपासायची, ते माझंच काम, तेही राहिलं. तासाभरात धूर निघाला. रिपोर्टात मी 'वाइंडिंग सदोष' लिहून सही केली आणि तू मान खाली घालून पिशवी उचललीस आणि मिल सोडलीस.

आज शेठनी पुन्हा नारळ माझ्याच हातात दिला. मी तो दाराबाहेर दगडावर फोडला आणि का, ते सगळ्यांसमोर सांगितलं. माझं काय होतं ते उद्या कळेल. त्या रिपोर्टावर माझी सही होती, म्हणून हेही सहीनिशी लिहितो आहे, हवं त्याला दाखव: तुझ्या हातात दोष नव्हता. पुढच्या वेळी कुणी जळालेली मोटर घेऊन दारात आला, तर त्याला परत पाठवू नकोस.

तुझाच,
पितांबर