मावळतीची खिडकी

आबा, आपल्या घराची मावळतीची भिंत आम्ही फोडली. सगळी नव्हे, स्वयंपाकघरातली, चुलीच्या डाव्या अंगाला जिथं तुम्ही ज्वारीची कणगी ठेवायचात तेवढीच. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगताना अडखळायला होणार नाही.

तुम्ही माझ्या बायकोला पाहिलं नाही. तुम्ही गेल्यावर पुढच्या उन्हाळ्यात आमचं लग्न झालं. ती वसमतची आहे, बुटकी, भरभर चालणारी, आणि रागावली की भांडी नेहमीपेक्षा हळू ठेवणारी. मी एसटीत लागलो होतो, आधी कंडक्टर, शेवटी स्टँडवर कंट्रोलर, आणि आमचा सगळा संसार वसमतला एका बोळातल्या भाड्याच्या घरात झाला. तिच्या स्वयंपाकघराला खिडकी होती, पण ती उघडली की समोर हळदीच्या गोदामाची भिंत, हात लांब केला तर लागेल अशी. त्या भिंतीकडं बघत तिनं जन्मभर पोळ्या लाटल्या. मी म्हणायचो, रिटायर झालो की गावी जाऊ, तिथं तुला मोकळं घर आहे. बोलण्याच्या ओघात माणूस म्हणतो तसं म्हणायचो. तिनं ते किती जपून ठेवलं होतं हे मला मागच्या दिवाळीनंतर कळलं. पोरं आपापल्या गावी लागली होती. एका सकाळी तिनं फडताळातून घराची किल्ली काढली, पदराला बांधली आणि म्हणाली, "चला."

घर उभं होतं. माळवदावरची पांढरी माती पावसानं वाहून गेली होती, वर गवत माजलं होतं, आत ठिकठिकाणी गळून भिंतींवर ओघळ उतरले होते. पण तुळया, खांब, चौकटी जशाच्या तशा. पोरांचं फोनवर एकच म्हणणं, पाडा आणि स्लॅब टाका. ती मधल्या खांबाला हात लावून उभी होती. तिला मी जे सांगितलं होतं ते तुम्हीच मला लहानपणी सांगितलेलं: जुनं गाव धरणात जाणार म्हटल्यावर तुम्ही घर उकललं, एकेक लाकूड बैलगाडीवर घातलं, इथं वर माळावर आणलं आणि तेच घर परत उभं केलं. ती म्हणाली, "एवढं वाहून आणलं माणसानं. आपल्याला पाडायला काय लागतं?" मग पाडायचा विषय निघाला नाही. गवंडी शिरड शहापूरहून यायला लागला, आणि आम्ही दोघं त्याच्या हाताखाली राबायला लागलो.

ते दिवस कसे गेले हे मला नीट सांगता येत नाही. जाग आणि झोप एकमेकांत मिसळल्यासारखी झाली होती. दुपारी जेवण झालं की मी ओसरीवर वाळूच्या ढिगाला टेकायचो. माळवद उघडं केलेलं, तुळयांमधून उन्हाचे पट्टे खाली उतरलेले, त्यात पांढऱ्या मातीची धूळ तरंगत राहिलेली. डोळा लागला की बैलगाड्यांचा आवाज यायचा. मी जागा व्हायचो तर बायको घमेलं ओढत असायची. मी तिला म्हणायचो, आत्ता इथून गाड्या गेल्या का? ती म्हणायची, "कुठल्या गाड्या? तोंड धुवून या." एकदा मला तुम्ही दिसलात. पायरीवर बसून तुम्ही माझ्या केसांतून फणी फिरवत होता. आई गेल्यावर माझा भांग तुम्हीच पाडायचात, नांगरानं तास काढावा तसा सरळ आणि दाबून. मला वसमतच्या शाळेत घातलं त्या दिवशी स्टँडवर तुम्ही एक फणी आणि हाताएवढा आरसा घेऊन दिलात आणि म्हणालात, "आता तुझं तू पाड."

खिडकीची गोष्ट तिनं काढली ती असंच काम चालू असताना. स्वयंपाकघरात दिवसाही दिवा लावावा लागायचा. मावळतीला भिंतीपलीकडं आपलं एक वावर, आणि त्याच्या खाली धरणाचं पाणी पार आभाळाला टेकलेलं. पण ह्या घराला त्या अंगाला एक भोकसुद्धा नाही. ती म्हणाली, "इथं खिडकी काढू. मला पाणी दिसंल."

मी नको म्हणालो. काहून, तिनं विचारलं. तुम्हाला तो दिवस आठवत असेल की नाही कुणास ठाऊक. आई जाऊन वर्ष झालं असेल. तुम्ही शेतात होता, आणि मी खुरप्याच्या टोकानं त्या भिंतीला भोक पाडत बसलो होतो, पलीकडचं पाणी बघायला. तुम्ही दारात आलात. "काहून खोदून राहिला रे?" तुमचा आवाज चढला नव्हता, पण तुम्ही खुरपं माझ्या हातातून असं ओढलंत की बोट कापलं. "ह्या भिंतीला हात लावायचा न्हाई. समजलं?" मग तुम्ही चिखल कालवून आणलात आणि ते एवढंसं भोक बुजवलंत, आणि बुजल्यावरही कितीतरी वेळ ओल्या हातानं तिथं सारवत राहिलात. त्या दिवशी माझी भाकर तुम्ही चुरून दिलीत, स्वतः मात्र जेवला नाहीत. गावात लोक म्हणायचे, ह्याच्या बापानं पाण्याकडं पाठ करून घर बांधलं. मला पुढं पुढं त्याचा अभिमानच वाटायला लागला. पाण्यानं गाव नेलं, तर आपण त्याचं तोंड बघायचं नाही, एवढी तुमची जिद्द. मी वसमतला असताना कुणी धरणावर फिरायला जाऊ म्हणालं तर मीही टाळायचो.

हे सगळं बायकोला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते त्यांचं झालं. मी काय त्या पाण्याशी भांडले?" मी म्हणालो, आबांना आवडलं नसतं. त्यावर तिनं हातातलं पातेलं अगदी हळू खाली ठेवलं. "मेलेल्या माणसाला विचारूनच घर बांधायचं असंल तर मला वसमतचं गोदाम बरं." मग कितीतरी दिवस ती मुकाट्यानं भिंती पोचारायची, मी मुकाट्यानं पाणी आणून द्यायचो. शेवटी एके सकाळी मीच गवंड्याला म्हणालो, फोड. म्हणालो आणि अंगणात जाऊन उभा राहिलो.

थोड्या वेळानं त्यानं हाक मारली. "काका, इकडं या. इथं चौकट हाय."

खरंच होती, आबा. गिलाव्याच्या आत, दगडामातीनं गच्च भरलेली एक खिडकी. सागवानी चौकट, लाकडाचे उभे गज, आणि त्यावर हिरव्या रंगाचे पोपडे. तो हिरवा रंग मी लगेच ओळखला. जुन्या गावातलं मला एकच आठवतं, हे मी तुम्हाला कधी सांगितलं होतं की नाही? हिरवी खिडकी. तिच्यापुढं आई उभी आहे, पाठमोरी. दोन्ही बाजूंनी उजेड येतोय, इतका की तिच्या कडा विरघळल्यात. ती वळत नाही. बस एवढंच. आई मला आठवते ती अशी, आणि गावही आठवतं ते असं. मी बायकोला म्हणालो, ही त्याच घरातली खिडकी, आबांनी आणली असणार. तिला आनंद झाला. ती स्वतः बसून गजांमधली माती खरवडायला लागली.

आत्याला आम्ही दुसऱ्याच दिवशी शिरडहून रिक्षात घालून आणलं. तुमची धाकटी बहीण आता वाकून जमिनीला लागली आहे, पण कान आणि जीभ शाबूत. मला वाटलं होतं, जुनी खिडकी बघून तिला बरं वाटेल. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच थांबली. तोपर्यंत दगड सगळे निघाले होते, समोर पाणी लखलखत होतं, आणि त्याची चमक वर तुळयांवर हलत होती.

"उघडली व्हय रे?" ती म्हणाली. "दादानं बुजवलेली."

मी म्हणालो, आत्या, ही जुन्या घरातली ना? आई हिच्याशी उभी राहायची.

"जुन्या घरात?" आत्यानं मान हलवली. "तिथं ही ढाळजंत होती, गडीमाणसांच्या बैठकीत. तिथं बाई माणूस कशाला उभं राहतंय? वैनी उभी राहायची ती इथं. ह्याच जागी."

मग ती खाली बसली आणि बोलायला लागली. आबा, तिनं जे सांगितलं ते तुम्हाला माहीतच आहे, तरी मला लिहू द्या. "इथं ऱ्हायाला आलो, आन् तवाच पाणी चढाया लागलं. वैनी ह्या खिडकीतून हलंना. आधी शेतं गेली, मग देऊळ गेलं, मग आपल्या घराची जागा गेली. समदं तिनं बघितलं. बुडून गेलं तरी बघतच ऱ्हायली. भाकर हातात द्यावी तर तशीच धरून उभी. दादानं लई समजावलं, देव केले, वसमतच्या डॉक्टरला दाखवलं. मग एक दिवस उठला, आन् अंगणात चिखल तुडवाया लागला."

बायकोनं विचारलं, "त्या काही म्हणल्या न्हाईत?"

"न्हाई. दोन थर चढले तवर बघत ऱ्हायली. मग बाजूला झाली, आन् त्याला चिखल उचलून द्याया लागली. दोघांनी मिळून बुजवली खिडकी. त्या दिसापास्नं जेवाया लागली. हसाया न्हाई लागली, पर जेवाया लागली."

"आणि मी?" मी विचारलं. "मी कुठं होतो?"

"तू तिच्या पायाशी. दिवसभर तिचा पदर धरून बसायचास, लेकरा. कुणी उचललं की रडायचास."

त्यानंतर आत्या जेवली, दुपारी जरा पडली, आणि संध्याकाळच्या आत आम्ही तिला परत सोडलं. परत आलो तेव्हा बायको खिडकीपुढं उभी होती. पाणी तांबूस झालं होतं. ती म्हणाली, "मला ठाऊक नव्हतं हो. बुजवू या का परत? मी वरनं माळवदाला एखादी काच बसवून घेईन उजेडाला." ती मनापासून म्हणत होती. मी नको म्हणालो. एवढे दिवस मी नको म्हणत होतो आणि ती हवी म्हणत होती, आणि आता आम्ही जागा बदलून उभे होतो. मी तिच्या मागं खाली जमिनीवर बसलो, भिंतीला टेकून. तिथून तिची पाठ दिसत होती आणि दोन्हीकडून उजेड. मला त्या क्षणी कळलं की जुन्या गावाचं माझ्याजवळ काहीच नाही. जे एक होतं ते इथलं निघालं. गाव माझ्या हातून सुटलं, पण त्या बदल्यात आई ह्या घरात आली, ह्या जमिनीवर, ह्या चुलीजवळ. इतकी वर्षं मी तिला पाण्याखाली ठेवलं होतं.

मला वाटतं, तुम्ही तिच्याजवळ जाऊन उभे राहिला असता तर कदाचित भिंत लागली नसती. पण कदाचित उभे राहिलाही असाल. आत्याला काय काय दिसलं असणार? तुम्हाला भिंत रचता येत होती, तुम्ही भिंत रचली, आणि तिनं तुम्हाला चिखल दिला. पुढं मी पाडलेलं भोक बुजवताना तुम्ही इतका वेळ का सारवत होता हे आता मला विचारावंसं वाटत नाही.

चौकटीला आम्ही जवसाचं तेल पाजलं. रंग दिला नाही, उरलेले हिरवे पोपडे तसेच ठेवले. नवी दारं वसमतच्या सुतारानं करून दिली. माळवद झालं, चूल गेली, तिच्या जागी ओटा आला, आणि ओट्यापुढं खिडकी. सकाळी ती तिथं पीठ मळते आणि मला ओरडून सांगते, आज पाणी इतकं मागं सरलं, आज पाखरं आलीत, आज होडीवाला जाळं टाकून राहिला. मी मान हलवतो. कधी तिचं बोलणं थांबतं आणि ती नुसतीच बघत राहते. मग मी हातातलं काम टाकून तिला जेवायला हाक मारतो, भूक असो नसो.

हे पत्र मी तुम्हाला लिहिलं खरं. लिहायचं होतं तिला. सुरुवातही तशी केली होती, पण पहिल्या शब्दालाच थांबलो. आई आई असं मी वर सगळीकडं लिहिलंय ते पुस्तकातलं. मी तिला हाक काय मारायचो ते मला आठवत नाही. माय म्हणायचो, का बाई, का बाकीच्यांचं ऐकून वैनीच. आत्याला विचारलं तर ती सांगेल. फोन बऱ्याचदा हातात घेतला, अजून लावला नाही.