एकाच फोटोच्या एकतीस प्रती

१४ नोव्हेंबर, रविवार दुपार

प्रिय ताई,

तुझी कंबर कशी आहे? माझं बरं चाललंय. खोलीला नवा रंग दिला, पंखा मात्र अजून तसाच कुरकुरतो. इकडचं तिकडचं आणखी पानभर लिहिता आलं असतं, पण काल भाचीचा फोन आला. म्हणाली, आई बाबांशी अजून बोलत नाही. पाच महिने झाले ना?

म्हणून कॅमेऱ्याच्या त्या मेमरी कार्डाबद्दल लिहितोय.

आपल्या आईच्या शेवटच्या वर्षाचे फोटो भावोजींच्या हातून पुसले गेले, हे खरं. पण पुसलेला फोटो लगेच जात नाही. कार्ड ती जागा रिकामी धरून चालतं इतकंच. वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत फोटो तिथेच असतो. तू म्हणालीस, दुकानात देऊ या. घरात इंजिनिअर असताना दुकान कशाला, म्हणून मीच ऐटीत कार्ड घेऊन आलो. सी भाषेत प्रोग्राम लिहिला. प्रत्येक फोटोच्या सुरुवातीला एक ठरलेली खूण असते. ती शोधायची आणि तिथून पुढचं उचलून नव्या फाइलीत ठेवायचं. पन्नासेक ओळींचं काम.

आधी एकही फाइल उघडेना. पहिला तुकडा लिहून झाला की मी फाइल बंद करत होतो. ते सुधारलं, तर एकच फोटो पुन्हा पुन्हा येऊ लागला. एकतीस वेळा. दोन दिवस मी ओळ न् ओळ तपासली. प्रोग्राम बरोबर होता. मी तो कार्डावरच चालवत होतो, ताई. सापडलेली प्रत्येक फाइल त्याच कार्डावर उतरत होती, अजून न सापडलेल्या फोटोंच्या अंगावर, आणि पुढे प्रोग्रामला तीच प्रत पुन्हा सापडत होती.

तुला सांगितलं, "भावोजींनी काही शिल्लकच ठेवलं नाही." तू विश्वास ठेवलास, मी गप्प बसलो. खरं सांगू, बरं वाटलं. वर्षभर आईला उचलून बसवण्यापासून सगळं त्यांनी केलं, आणि मी पाहुण्यासारखा दोनदा येऊन गेलो. कोणीतरी माझ्याहून वाईट ठरलं, याचंच बरं वाटलं.

वाचलेला तो एक फोटो सोबत ठेवलाय. आई पलंगावर, हातात फोन, त्यावर माझं नाव. मागच्या घड्याळात चार वाजून दहा. तो फोन मी घेतला नव्हता, वाजताना समोर दिसत असून. फोटो तूच काढलास, म्हणजे मी फोन उचलला नाही हे तुला ठाऊक होतं. मला एका शब्दाने बोलली नाहीस, आणि नवऱ्याशी पाच महिने अबोला धरलास. याचा मला तुझाही राग येतो.

पत्र आधी भावोजींना वाचायला दे. मला उत्तर नाही लिहिलंस तरी चालेल.

त्या दिवशी फोन न उचललेला,
तुझा धाकटा