मंदाची संत्री आणि चौदा उत्तरपत्रिका

६ एप्रिल, सोमवार
कॉम्प्रिहेन्सिव्हला आजपासून बरोबर चार आठवडे. एम.एड.ची दोन वर्षं, सगळे विषय, आणि शेवटी तीन तासांचा हा एकच पेपर. यात गेलं की पदवी अडकली. आमच्याकडे दोनदाच बसता येतं. पोरं लाडानं 'कॉम्प्री' म्हणतात, जणू शेजारची कुणी काकूच आहे.
पोरं म्हणजे चौदाजण, बहुतेक तिशीच्या अलीकडे-पलीकडे. सुनंदा तेवढी एक्केचाळीसची. शहराबाहेर वाडीला ट्रकांच्या गोदामांमागे एक शाळा आहे, तिथे दुसरी-तिसरीला शिकवते. सकाळची शाळा आटोपून अकराला कॉलेजात हजर. तिची ही दुसरी खेप, म्हणजे शेवटची. मागच्या वर्षी चार मार्कांनी गेली. "आता गेलं तं गेलंच, मॅडम," असं हसत म्हणाली. मला काही हसता आलं नाही.

८ एप्रिल, बुधवार
सराव पेपर घेतला. कूलरचा आवाज इतका की प्रश्न दोनदा वाचून दाखवावा लागला. पाचवा प्रश्न मुद्दाम घातला: 'मुलाला आधीपासून जे येतं त्यावर नवीन ज्ञान कसं उभं राहतं, ते स्वतःच्या अनुभवातील उदाहरणासह लिहा.' हा हमखास येतो. सगळ्यांनी खाली माना घालून भराभरा लिहिलं. मी खूश.

९ एप्रिल, गुरुवार
घरी पेपर तपासायला बसले. पहिल्यात मंदा. काटोलच्या शाळेत मंदा नावाची मुलगी होती, तिला फळ्यावरचे अपूर्णांक येत नव्हते, पण संत्र्याच्या फोडी वाटताना चटकन कळले वगैरे. वाचून बरं वाटलं. दुसऱ्यात मंदा. तिसऱ्यात मंदा. प्रणय वर्गातला सर्वांत हुशार, त्यानं तेवढी हुशारी केली: मंदाचा मंदार केला आणि संत्र्याची मोसंबी.
चौदा पेपर, चौदा मंदा. यांना वाचून दाखवलं. हे पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, तेव्हापासून माझी थट्टा हाच यांचा उद्योग. म्हणाले, "काय वं, या साऱ्या जणी एकाच शाळेत नोकरीला होत्या का?"
मंदा माझी. तीस वर्षांपूर्वी काटोलला मीच तिला शिकवलं होतं. नोट्स काढल्या तेव्हा उदाहरण म्हणून घातली. तेव्हापासून दर वर्षी झेरॉक्स, दर वर्षी मंदा. मी सराव पेपर तपासते आणि मंदा दिसली की टिक करते. आजवर कधी खटकलंच नाही. माझंच लिहिलेलं मला परत मिळत होतं आणि मी त्याला मार्क देत होते.

१० एप्रिल, शुक्रवार
वर्गात पेपर परत दिले. विचारलं, काटोलला कोणकोण नोकरीला होतं? सगळे आपापला पेपर चाळायला लागले. मग एकाला हसू फुटलं आणि सगळेच हसायला लागले. मीही.
सुनंदा हसली नाही. वर्ग सुटल्यावर माझ्याकडे न बघता निघून गेली.

११ एप्रिल, शनिवार
तिला थांबवून घेतलं. म्हटलं, काल काय झालं? काही नाही, काही नाही, असं दोन-तीनदा झालं. मग पर्समधून घडी घातलेला कागद काढला. तिच्या मागच्या वर्षीच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत. अर्ज करून मागवली होती. पाचव्या प्रश्नाच्या कडेला लाल अक्षरात: 'अनुभव स्वतःचा नाही.' आणि शून्य.
तिचा नंबर यादीत शेवटचा. तिच्यापर्यंत येईस्तोवर त्या बाहेरच्या परीक्षकाला मंदा डझनभर वेळा भेटली असणार. आधीच्या सगळ्यांना मार्क दिले आणि सुनंदापाशी त्याचा संयम संपला.
"वर्ष झालं. मला सांगितलं का नाहीस?"
"तुमाले वाईट वाटलं असतं ना, मॅडम."
माझ्यामुळे ही बाई नापास झाली आणि वर्षभर मला जपत राहिली. या वर्षीही सराव पेपरात तिनं मंदाच लिहिली होती. म्हटलं, शून्य मिळाल्यावरही? तर म्हणाली, "तुमी बरोबरच शिकवलं असन, मीच वंगाळ लिवलं असन, असं वाटलं."
घरी आले ती जेवले नाही. यांनी एकदाच विचारलं, मग थट्टा केली नाही.

१३ एप्रिल, सोमवार
वर्गासमोर सगळं सांगितलं. सुनंदाचं नाव आधी तिला विचारून घेतलं. म्हटलं, मागच्या वर्षीचे ते चार मार्क माझ्या नोट्सनी घालवले. मला माफ करा. आणि नोट्स परत द्या.
प्रणय म्हणाला, "मॅडम, परत देऊन काय होते? पीडीएफ तं अख्ख्या विदर्भात फिरून राहिली." खरं आहे. आता मंदा माझ्या हातची राहिलेली नाही.
नवीन पद्धत ठरवली. जोड्या करायच्या. एकानं आपल्या वर्गातली गोष्ट आपल्या बोलीत सांगायची, दुसऱ्यानं ती जशीच्या तशी उतरवायची. पाठ्यपुस्तकी शब्द नंतर चढवायचे. पंचवीस वर्षं हेच करायला हवं होतं. असो.

१४ एप्रिल
सुट्टी. सकाळीच सुनंदाचा जय भीम आला, मीही पाठवला. खाली तिनं लिहिलं होतं, आज अभ्यास नाही, आज मिरवणूक. बरं केलं.

१७ एप्रिल, शुक्रवार
सुनंदाची जोडी प्रणयशी. मी शेजारीच बसले. पहिली दहा मिनिटं ती 'अध्ययन-अध्यापन प्रक्रिया' म्हणत राहिली. मी म्हटलं, बाई, प्रक्रिया ठेव बाजूला, पोरीचं नाव सांग.
मग आलं. प्रणयच्या वहीतून उतरवते:
"माह्या वर्गात पूनम आली. बाप ट्रक चालवते. दुसरीत होती पण तिले 'क' बी काढता येत नव्हता. सारे म्हणत, हे पोट्टी मठ्ठ आहे. एक दिवस खिडकीबाहेरून ट्रक गेला न् तिनं त्याची पाटी वाचली. एमएच. मंग दुसरा, सीजी. तिसरा, एमपी. कोणतं अक्षर कोणत्या राज्याचं, सारं पाठ. मी म्हटलं, हिले वाचता येते तं. आपल्यालेच दिसत नाही. मंग मी फळ्यावर ट्रकच काढला, न् त्याच्या पाटीवर तिचं नाव लिवलं."
प्रणय लिहिता लिहिता थांबला. म्हणाला, "ताई, हे तुम्ही पयले काहून नाही लिहिलं?"
"ते काय लिवाचं? ते तं रोजचं हाये."
मी उठून पाणी प्यायला गेले. खरं तर पाणी नको होतं.

२२ एप्रिल, बुधवार
सकाळी तिच्या शाळेत गेले, तिच्या गाडीवर मागे बसून. अमरावती रोडला ट्रकांच्या मधून ती अशी काढते की मला सगळे देव आठवले. पत्र्याचं छप्पर, एका खोलीत दोन वर्ग. पोरं येतात, चार महिने राहतात, बाप मालक बदलतो की जातात. पूनमही गेली, रायपूरकडे. वाचायला लागली होती, जोडाक्षरं राहिली होती. दाखला न्यायलाही कुणी आलं नाही. सुनंदाने तिची वही अजून कपाटात ठेवली आहे.
अर्धा तास तिचा वर्ग पाहिला. ती प्रश्न विचारते आणि थांबते. पोर चुळबुळतं, छताकडे बघतं, ती थांबलेलीच. मी असते तर तोवर उत्तर सांगून मोकळी झाले असते. मी आयुष्यभर 'प्रतीक्षा-काळ' या विषयावर दहा मार्कांचं टिपण देत आले आणि तो पाहिला आज, पत्र्याखाली. येताना तिच्या वर्गातल्या पोरींनी मला फळ्यावर ट्रक काढायला लावला. चाकं जमली नाहीत. खूप आनंदात घरी आले.

२५ एप्रिल, शनिवार
दुसरा सराव पेपर. एकही मंदा नाही. चौदा वेगवेगळी पोरं भेटली, एक तर चक्क इतवारी बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात बसून व्यवहारी गणित शिकलेला. तपासताना कंटाळा आला नाही, हे पंचवीस वर्षांत प्रथमच. या चौदा जणांची मी ऋणी आहे. लिहूनच ठेवते.
काळजी एकच. सुनंदा फार हळू लिहिते. पाचातले साडेतीनच प्रश्न झाले. बजावलं: प्रत्येक उत्तराला पस्तीस मिनिटं. घड्याळ लावून पाळ. पूनमवर दीड पान, बास.

३ मे, रविवार
सुनंदाचा फोन. म्हणाली, झोप येऊन राहिली, म्हणजे चांगलंच आहे ना? म्हटलं, उत्तम आहे, झोप. तिचं घड्याळ बंद पडलं होतं, यांनी दुपारीच आपलं नेऊन दिलं. मनीषनगरच्या आमच्या घरून थेट वाडीला, त्रेचाळीस डिग्रीत. विचारलं तर म्हणाले, सहज त्या बाजूला काम होतं. रविवारी कसलं काम? चांगला माणूस आहे, फक्त बोलतो फार.

४ मे, सोमवार
पेपर झाला. स्वतःच्या अनुभवाचा प्रश्न आलाच, तोच, थोडा फिरवून. फाटकाजवळ कडुनिंबाखाली उभी राहिले. प्रणय आधी आला, पाचही सोडवले म्हणाला. मग बाकीचे. सुनंदा सगळ्यांच्या शेवटी, बोटं शाईनं निळी.
"किती झाले?"
"चार."
"आणि उरलेला?"
"हातच नाही लावला, मॅडम."
पूनमवर सहा पानं लिहिली. सहा. माझा संताप झाला. रस्त्यावरच बोलले. दीड पान सांगितलं होतं, घड्याळ कशाला दिलं होतं, ही शेवटची खेप आहे, तुला कळतंय का. येणारेजाणारे बघत होते. ती मान खाली घालून सगळं ऐकत होती. मी थांबल्यावर म्हणाली,
"रागवा मॅडम, तुमचा हक्क आहे. मले घड्याळ दिसून राहिलं होतं. पण पूनम कागदावर आली न्, तिले अर्ध्यावर कशी सोडू? एकदा तं ती तशीच गेली."
दोघी उसाचा रस प्यायलो. तिनं यांचं घड्याळ रुमालात गुंडाळून परत दिलं.

५ मे, मंगळवार
पास व्हायला पन्नास लागतात. ऐंशी मार्कांचंच लिहिलंय. हात सढळ असला तर सुटेल, आवळला तर नाही. परीक्षक कोण आहे, कुणाला माहीत नाही. निकाल जूनमध्ये. रात्रभर कूस बदलत होते, हे म्हणाले, तुझाच पेपर होता वाटतं.
सकाळी तिचाच फोन आला. शाळेत निकालपत्रकं लिहीत बसली होती. "तुमी काळजी नका करू मॅडम, जे होईन ते होईन." म्हणजे आता तीच मला धीर देते. मी म्हटलं, सुनंदा, कालच्या बोलण्याचं मनावर घेऊ नकोस, आणि मला तुझे आभार मानायचे आहेत.
"माहे? कशाचे?"
मंदापासून सुरुवात करावी की पूनमपासून, ते ठरवू लागले. पलीकडे तिनं फोन ठेवला नाही. मला उत्तर सापडेपर्यंत थांबून राहिली.