हँडलची थरथर

अमरावती,
ता. १ डिसेंबर १९४६

ती. स्व. दादास,

वच्छलाचा नमस्कार. आईच्या पाया पडते, माणिकवहिनीला आठवण. तुमची खुशाली पत्रावरून समजली. आमची लिहिली नाही तर तू पुढच्याच गाडीत बसून इथे हजर होशील, म्हणून लगेच लिहायला घेतलं.

आईला सांग, तिनं दिलेली शेवंतीची रोपं जगली. एक वाळलं, ते शेजारच्या बकरीमुळे. अकोल्याच्या आपल्या मळ्यातली माती इथं नाही, तरी फुलं येतील असं वाटतं.

तू लिहिलंस, पौष लागायच्या आत तुला घ्यायला येतो, पेटी भरून ठेव. वाचलं. भाऊबीजेला तुझ्या घरी ह्यांच्या हातातली कपबशी वाजायला लागली, चहा तुझ्या सासऱ्यांच्या धोतरावर सांडला, आणि तू मला मागच्या दारी नेऊन विचारलंस, "वच्छे, खुशालराव दारू घेते का?" मी गप्प राहिले. त्याचा अर्थ तू तुझ्या मनानं लावलास. त्याचं मी सवडीनं लिहीन. आज फटफटीचं लिहिते, कारण आमच्या घरात सध्या दुसरा विषयच नाही.

तू ती पाहिली नाहीस. हे इटलीच्या लढाईत फटफटीवरून पलटणीचे हुकूम पोचवायचे. परत आल्यावर मिलिटरीच्या लिलावातून तसलीच एक घेतली. गोवर्धनशेठच्या संत्र्याच्या आडतीत नोकरी लागली ती तिच्याच जिवावर. मोर्शी, वरुड, शेंदूरजनाघाट, कुठंही जायचं, बगीचा पाहायचा, वानगीची संत्री घ्यायची आणि दुसऱ्या व्यापाऱ्यांची माणसं मोटारीतून उतरायच्या आत परत फिरायचं.

पण ती फटफटी म्हणजे निव्वळ म्हैस आहे. बसली तर उठवायला दोन माणसं लागतात. वेग घेतला की तिचं हँडल थरथरतं, आणि बैलबंड्यांच्या चाकोरीत पुढचं चाक सापडलं की अशी मान झटकते की विचारू नकोस. मोर्शीच्या अलीकडे हे दोनदा पडता पडता वाचले. शेठ म्हणाले, गाडी आवरत नसेल तर दुसरा माणूस पाहू. तेव्हापासून ह्यांना घास गोड लागत नाही.

रोज सकाळी अंगणात तिची चिरफाड चालते. हँडलखालच्या मुंडक्यातल्या बेअरिंगच्या गोळ्या झिजल्या होत्या, त्या मोटारस्टँडवरच्या नत्थुजी मिस्त्रीकडून नव्या बसवल्या. पुढच्या चाकाच्या चिमट्याची स्प्रिंग काढून, घासून, ग्रीस लावून परत घातली. चाकांतली हवा कमीजास्त करून पाहिली. नट आवळायचे पाने मी देते. माझ्या नऊवारीला ग्रीसचे डाग पडलेत, ते पाहून वहिनीनं हसू नये.

एक गोष्ट मात्र माझी. मागच्या कॅरिअरवर संत्र्याची पेटी आणि तिच्यावर पेट्रोलचा डबा बांधायचे. मी म्हटलं, "अवो, बंडी उलार झाली का जू बैलाच्या मानेवरून उचलते ना? तुमी सारं वझं मांगं टाकता, मंग समोरचं चाक जमिनीले कसं धरन?" हे माझ्याकडे बघतच राहिले. फुलवाल्यांच्या पोरीला बंडी ठाऊक असते, हे बहुधा त्यांच्या ध्यानात नव्हतं. दुपारपर्यंत पेटी उतरली आणि दोन बाजूंना खाली, मागच्या चाकाच्या पुढे येतील अशा दोन कॅनव्हासच्या पिशव्या लागल्या.

गाडी पुष्कळ सुधारली. चाकोरीतून निघते, वळणावर बाहेर पळत नाही. पण थरथर पुरती गेली नाही. हे म्हणतात, अजून कुठंतरी खोट आहे. ती सापडू दे, मग बाकीचं लिहीन.

माझ्या कपड्यांच्या पेटीचं विचारशील. भरलेली नाही. माळ्यावरून खाली मात्र काढली आहे.

तुझी,
वच्छी


अमरावती,
ता. १५ डिसेंबर १९४६

ती. स्व. दादास,

नमस्कार. तुझं कार्ड आलं. अशा गोष्टी कार्डावर लिहितात का रे? पोस्टमननं हातात देतानाच विचारलं, "मायेरी चालल्या का बाई, गुरुवारी?" म्हणून मी हे पाकिटात घालते आहे. आईला आणि वहिनीला वाचून दाखव, तिसऱ्या माणसाला नको.

खोट सापडली.

परवा सकाळी मी तुळशीला पाणी घालत होते. हे अंगणात फटफटीवर बसले होते, दोन्ही हात हँडलवर. कामावर निघायचं होतं, पण निघत नव्हते. काहीतरी बारीक खणखण वाजत होतं. मला वाटलं, इंजिन चालू आहे. जवळ गेले तर इंजिन बंद. गाडी स्टँडवर उभी, आणि पुढच्या दिव्याची काच वाजत होती. मी ह्यांच्या हातांकडे पाहिलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात उचलले. काच गप्प झाली.

दादा, ह्यांचे हात कापतात.

मला संशय नव्हता असं नाही. जेवताना हे माझ्याकडे पाठ करून बसत. सदऱ्याची बटणं मी लावावी म्हणून लाडात आल्यासारखं करत. तुझ्या बोलण्यावरून मी एकदा झोपेत त्यांचं तोंडही हुंगून पाहिलं. पानाचा वास येतो, दुसरा नाही. पण विचारायची छाती झाली नाही, कारण उत्तर खरंच दारू निघालं असतं तर मला तुझ्याबरोबर यावं लागलं असतं, आणि मला यायचं नव्हतं.

हे ओट्यावर बसले आणि म्हणाले, "मले वाटे गाडीचंच असन. लय दिवस मी तसंच समजून चाललो." मग म्हणाले, "लढाईत थ्या रस्त्यानं बाम पडे, अन् आमाले थ्याच रस्त्यानं जा लागे. तवा हात नाही कापले वच्छला. सारं संपलं, घरी आलो, अन् मंग कापाले लागले. मिल्ट्रीचा डाक्टर म्हने, तुले कायी झालं नाही."

मी रडले. तुला खोटं कशाला सांगू, मला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि मग रडू आलं. एवढे दिवस हा माणूस लोखंडात खोट शोधत होता आणि मी त्याला पाने देत होते.

पुढचं मग आम्ही दोघांनी केलं. हँडलच्या मधोमध एक मोठी चकती असते, ती पिळली की हँडल जड होतं. ती थोडी आवळली. मी पलंगाच्या जुन्या नवारीच्या पट्ट्या काढून दोन्ही मुठींना गुंडाळल्या, चांगल्या जाड. बारीक मूठ असली की माणूस आवळतो, आणि आवळली की ह्यांचा काप सरळ चाकात उतरतो, हे मला पोळपाटावर लाटणं धरून कळलं. आवळून लाटलेली पोळी कधी गोल होते का?

काल मी मागच्या कॅरिअरवर गादी बांधून ह्यांच्याबरोबर शेंदूरजनाघाटला गेले. होय, मीच. पदर खोचून, एका बाजूला पाय सोडून. वरुडच्या बाजारात एक म्हातारी ओरडली, "अवो माय, बाई बसली पाहा त्या भुतावर!"

मोर्शीपर्यंत हँडल थरथरत होतं. मला मागे बसूनही कळत होतं, कारण ह्यांची पाठ फळीसारखी ताठ. मी कानाशी जाऊन म्हटलं, "दाबून काहून धरता? नुसते ठेवा ना हात."

"अन् पडलो तं?"

"तं दोघं पडू."

ह्यांनी मुठी सैल केल्या. हात कापतच होते, मी खांद्यावरून वाकून पाहिलं. पण हँडल शांत झालं. एवढं जड धूड, आपल्या वजनानं सरळ चाललं होतं. त्याला ह्यांच्या थरथरीचं काही पडलं नव्हतं. दोन्ही बाजूंना संत्र्यांचे बगीचे, झाडं फळांनी वाकलेली, आणि हे मोठ्यानं हसत होते. लढाईवरून आल्यापासून मी ते हसणं ऐकलं नव्हतं रे.

हात बरे झालेत असं मी लिहीत नाही. कदाचित होणारही नाहीत. शेठला काही सांगितलेलं नाही. गाडी आवरते, वानगी वेळेवर पोचते, त्यांना तेवढंच हवं. तुला कळवायचं का, हे मी ह्यांनाच विचारलं. दाराकडे बघत म्हणाले, "लिही तुया भावाले. बेवडा समजण्यापरीस हे बरं."

तेव्हा गुरुवारी तू येऊ नकोस. आम्हीच येतो, फटफटीवर, दुपारच्या जेवणाला. मोर्णेच्या पुलावरून आवाज येईल तो आमचाच. पेटी मी माळ्यावर परत चढवली आहे. येताना दोन पिशव्या संत्री तेवढी आणीन.

वहिनीला माझं एक मागणं आहे. त्या दिवशी कपबश्या बाहेर काढू नको म्हणावं. चहा पितळी पेल्यांत द्यावा, अर्धे अर्धे भरून. आणि एकट्या ह्यांनाच पेला देऊ नये. तुला, मला, आईला, तुझे सासरे आले तर त्यांनासुद्धा, सगळ्यांना पेल्यातच द्यावा.

तुझी बहीण,
वच्छला खुशालराव